लॅब्रेडॉर, मांजर आणि सासूबाईंचा दमा : व्हॅक्युम क्लीनर कोणता घ्यावा?

वाचक भगिनींचे पत्र, थोडक्यात : "चेंबूरला आमचे दोन बेडरूमचे घर आहे. घरात एक लॅब्रेडॉर आणि सोसायटीच्या आवारातून वर आणलेली एक मांजर आहे. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. मावशी रोज केर-लादी करून जातात, पण दुपारपर्यंत सोफ्याखाली पुन्हा केसांचे पुंजके जमतात. पंधरा हजारांपर्यंत व्हॅक्युम क्लीनर घ्यायचे ठरवले आहे. मुलगा रोबो घेऊ या म्हणतो, शेजारी ओले-सुके दोन्ही ओढणारे मोठे यंत्र सुचवतात आणि घरी प्रात्यक्षिक द्यायला आलेल्या विक्रेत्याने पाण्यातून धूळ गाळणारे यंत्र दाखवले, ज्याची किंमत आमच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे आहे. यजमानांच्या मते झाडू पुरेसा आहे. शिवाय यंत्राच्या आवाजाने मांजर बिथरेल, ही धास्ती आहेच. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. सोफ्याखालचे केस हा डोळ्यांना दिसणारा प्रश्न आहे आणि सासूबाईंचा दमा हा न दिसणारा. दोन्हींवर एकच यंत्र उपाय करू शकते, परंतु त्या यंत्राचा एक भाग केसांसाठी तपासावा लागतो आणि दुसराच भाग दम्यासाठी. केसांचा निकाल यंत्राच्या तोंडाशी, म्हणजे जमिनीवर फिरणाऱ्या ब्रशात लागतो. दम्याचा निकाल यंत्राच्या मागच्या बाजूने जी हवा बाहेर पडते तिच्यात लागतो. दुकानात मात्र या दोहोंऐवजी खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट दाखवले जातात.

वॅट हा आकडा यंत्र किती वीज खाते एवढेच सांगतो, ते किती कचरा उचलते हे सांगत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्युम क्लीनरवर १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली. तरीही तिथली घरे अस्वच्छ झाली नाहीत, कारण कंपन्यांनी ब्रशाची आणि हवेच्या मार्गाची रचना सुधारली. मुंबईतल्या आपल्यासारख्या घरांत या आकड्याचा आणखी एक जाच आहे. साधा सहा अँपियरचा प्लग २३० व्होल्टला सुमारे १३८० वॅटपर्यंतचा भार घेऊ शकतो. त्याहून जास्त वॅटच्या यंत्राला सोळा अँपियरचा प्लग लागतो, आणि जुन्या इमारतींत तसा प्लग बहुधा गीझरजवळ किंवा एसीखाली असतो. मग एक्स्टेन्शन बोर्ड आणून वायर खोलीभर फिरवली जाते, जे धोक्याचेच आहे. म्हणून खरेदीला जाण्यापूर्वी आपल्या प्रत्येक खोलीत कोणता प्लग आहे हे पाहून ठेवावे.

किलोपास्कलमध्ये सांगितली जाणारी ओढ हा आकडाही सावधपणे घ्यावा. तोंड पूर्ण बंद केल्यावर आत निर्माण होणाऱ्या दाबातील फरकाचा तो आकडा असतो. प्रत्यक्ष काम करताना तोंड उघडे असते आणि कचरा वाहून नेते ती हवेची धार. जड चेंडू नळीला चिकटवून वर उचलून दाखवणे हे प्रात्यक्षिक त्यामुळेच दिसायला छान आणि ठरवायला निरुपयोगी आहे. चेंडूने नळीचे तोंड बंद होते आणि सोफ्यात अडकलेला केस कसा निघेल याविषयी त्यातून काहीच कळत नाही. गादीवर पांढरे फडके लावून काळी धूळ दाखवणे हाही जुना प्रकार आहे. वापरातल्या कोणत्याही गादीतून, कोणत्याही यंत्राने, पुन्हा पुन्हा तशी धूळ निघते. भारतात युरेका फोर्ब्ज या कंपनीने १९८० च्या दशकात घरोघरी जाऊन व्हॅक्युम क्लीनर विकण्याची पद्धत रुजवली आणि तेव्हापासून प्रात्यक्षिक हा या व्यवसायाचा भागच झाला आहे. प्रात्यक्षिक जरूर पाहावे, पण ते आपल्या अटींवर : विक्रेत्याच्या चिमूटभर पावडरीवर नव्हे, तर आपल्या लॅब्रेडॉरच्या रोजच्या बसण्याच्या जागेवर यंत्र चालवायला सांगावे.

आता केसांकडे वळू. लॅब्रेडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला मऊ, दाट. घरात राहणारे कुत्रे वर्षभर थोडे थोडे केस गाळत राहते. आतल्या थराचे बारीक केस सोफ्याच्या आणि गादीच्या विणीत शिरून बसतात आणि नुसत्या ओढीने निघत नाहीत. त्यांना आधी खरवडून सैल करावे लागते. त्यासाठी फिरता ब्रश लागतो, आणि तो दोन प्रकारांनी फिरतो : एकात ब्रशाला स्वतःची छोटी मोटर असते, दुसऱ्यात आत ओढल्या जाणाऱ्या हवेनेच चक्र फिरते. हवेवर फिरणारा ब्रश स्वस्त असतो, पण जाड कापडावर दाबला की तो मंदावतो किंवा थांबतो. प्राणी असलेल्या घराने शक्य तिथे मोटरचा ब्रश मागावा, विशेषतः सोफ्यासाठी असलेला कमी रुंदीचा लहान ब्रश. आपल्याकडे गालिचे नाहीत असे मी गृहीत धरतो; मुंबईच्या दमट हवेत ते फारसे कोणी अंथरत नाही. त्यामुळे जमिनीसाठीच्या रुंद ब्रशावर जास्त पैसे घालण्याची गरज नाही. उलट गुळगुळीत लादीवर ताठ तारांचा ब्रश वेगाने फिरला, तर कुत्र्याच्या खाण्याचे दाणे आणि मांजरीच्या लिटरचे, म्हणजे तिच्या शौचाच्या ट्रेमधले, खडे तो ओढण्याऐवजी खोलीभर उडवतो. लादीसाठी मऊ कापडी रोलर किंवा साधे चपटे तोंड अधिक चांगले.

ब्रशाला केस गुंडाळले जाणारच. काही कंपन्या केस न अडकणारा ब्रश असे सांगतात. तो प्रकार कमी अडकतो, अजिबात अडकत नाही असे नाही. त्यापेक्षा दुकानात हे पाहावे की रोलर हाताने, स्क्रूड्रायव्हर न वापरता बाहेर काढता येतो का. दर आठवड्याला कात्रीने केस कापून काढावे लागतात, आणि रोलरच्या दोन टोकांशी, जिथे तो फिरतो त्या खोबणीत शिरलेले केस काढले नाहीत, तर मोटर तापते. हे काम कंटाळवाणे आहे. ते ज्यांना करायचे आहे त्यांच्या हातात यंत्र देऊन पाहणे ही खरी चाचणी आहे, मग त्या आपण असा किंवा मावशी.

दम्याचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. मांजरीची ॲलर्जी म्हणजे केसांची ॲलर्जी, असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. मांजरीच्या लाळेत आणि त्वचेखालच्या तेलग्रंथींत 'फेल डी १' नावाचे प्रथिन असते. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते, आणि वाळलेला थर त्वचेच्या कोंड्याबरोबर सूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत मिसळतो. कुत्र्याच्या बाबतीत 'कॅन एफ १' हे प्रथिन असेच लाळेतून आणि कोंड्यातून येते. यातले काही कण इतके हलके असतात की एकदा उडाले की तासन् तास खाली बसत नाहीत. कोरड्या झाडूने केर काढताना नेमके हेच होते : केस सुपडीत जातात आणि कोंडा सासूबाईंच्या श्वासाच्या उंचीवर येतो, त्यात डोक्यावर पंखा फिरत असेल तर विचारायलाच नको.

परंतु वाईट व्हॅक्युम क्लीनर याहून वेगळे काही करत नाही. तो पुढून कोंडा ओढतो आणि मागून, अधिक जोराने, बाहेर फेकतो. इंग्लंडमध्ये १९०१ मध्ये धूळ ओढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेणारे ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी ही कल्पना तपासून पाहताना रुमालातून तोंडाने हवा ओढली आणि रुमालाला चिकटलेली धूळ पाहिली, असे सांगतात. ओढणे सोपे होते, धूळ गाळून धरणे हे खरे काम होते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील कँटन शहरात सफाईचे काम करणारे जेम्स मरे स्पँगलर यांना स्वतःला दमा होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बळावे. पंखा, लाकडी खोके आणि धूळ अडवायला उशीचा अभ्रा जोडून त्यांनी हाताळता येईल असे विजेवरचे यंत्र बनवले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे ते हक्क हूवर कुटुंबाकडे गेले. म्हणजे आपल्या सासूबाईंचा प्रश्न हा या यंत्राच्या जन्मापासूनचाच आहे.

आजचा त्यावरचा उपाय म्हणजे हेपा फिल्टर. अमेरिकी व्याख्येनुसार ०.३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर हेपा ठरतो. युरोपीय वर्गवारीत एच-१३ हा दर्जा ९९.९५ टक्क्यांचा आहे. खोक्यावर 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' असे लिहिलेले असेल तर ते यंत्र बाजूला ठेवावे. मात्र नुसता उत्तम फिल्टर पुरत नाही. डबा आणि झाकण यांच्या फटीतून हवा निसटत असेल, तर ती फिल्टरला वळसा घालून बाहेर पडते आणि ९९.९७ चा आकडा कागदावरच राहतो. म्हणून संपूर्ण यंत्र सीलबंद आहे का, फक्त फिल्टर नव्हे, हे विचारावे. घरी पाहण्याची एक साधी रीत अशी : थोडे दिवस वापरल्यावर फिल्टरच्या कडेचे रबर आणि झाकणाची आतली बाजू पाहावी. तिथे धुळीची बारीक रेघ उमटली असेल तर हवा तिथून गळते आहे.

दुसरी बाब डब्याची. बिनपिशवीच्या यंत्रात कचरा पारदर्शक डब्यात जमतो. पिशव्यांचा खर्च नाही, म्हणून लोकांना तो आवडतो. पण तो डबा केराच्या बादलीत उपडा करताना अडवलेल्या कोंड्याचा लोट पुन्हा उठतो. दम्याच्या घरात तोंड बंद होणारी, वापरून टाकायची पिशवी असलेले यंत्र अधिक योग्य. त्या विशिष्ट मॉडेलच्या पिशव्या इथे नियमित मिळतात का आणि एक पिशवी केवढ्याला पडते, हे यंत्र घेण्याआधी विचारावे. यंत्र स्वस्त आणि पिशवी दुर्मीळ, अशी गाठ पडू शकते. बिनपिशवीचेच घ्यावे लागले, तर डबा गॅलरीत, मोठ्या पिशवीच्या आत तोंड धरून रिकामा करावा आणि ते काम सासूबाईंनी करू नये. यंत्र चालू असताना आणि नंतर थोडा वेळ त्या दुसऱ्या खोलीत असाव्यात, हेही पाळावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. व्हॅक्युम क्लीनर दम्यावर उपचार नाही. मांजर घरातून गेल्यानंतरही तिचे ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारे ते प्रथिन, फर्निचरमध्ये काही महिने टिकते, यावरून मांजर घरात असताना यंत्राची मर्यादा काय असेल हे लक्षात येईल. आणि त्रास प्राण्यांमुळेच होतो असे तरी कशावरून? मुंबईच्या घरांत झुरळे असतात आणि झुरळांची ॲलर्जी हे दम्याचे ओळखीचे कारण आहे. पावसाळ्यात भिंतींवर बुरशी धरते. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर राहिली की गादीतल्या धुळीच्या किडी वाढतात, आणि आपल्याकडे ती वर्षातला बराच काळ त्याहून वरच असते. छातीच्या डॉक्टरांकडून त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करून घ्यावी. ती होईपर्यंत सासूबाईंच्या खोलीत दोन्ही प्राण्यांना प्रवेश बंद ठेवावा. घरातल्यांना हे कठीण जाईल, पण कोणत्याही यंत्राइतकाच त्याचा उपयोग आहे.

आपल्यापुढच्या पर्यायांपैकी शेजाऱ्यांनी सुचवलेले ओले-सुके यंत्र मी आपल्यासाठी सुचवणार नाही. पावसात खिडकीतून आलेले पाणी ओढायला ते उत्तम आहे, पण त्याचा गाळणारा भाग बहुतेक वेळा कापडी किंवा स्पंजचा असतो, सोफ्याचा फिरता ब्रश सहसा सोबत येत नाही आणि ते भलेमोठे पिंप ठेवायला पोटमाळ्याशिवाय जागा नाही. पोटमाळ्यावर गेलेले यंत्र दिवाळीलाच खाली येते.

पाण्यातून धूळ गाळणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक मोहक असते, कारण गढूळ झालेले पाणी डोळ्यांना दिसते. पाण्यात मोठी धूळ नक्कीच अडकते. परंतु हवेच्या बुडबुड्यांच्या आत असलेले अतिसूक्ष्म कण पाण्याला न शिवताच वर निघून जाऊ शकतात, म्हणूनच चांगल्या यंत्रांत पाण्यानंतर पुन्हा हेपा फिल्टर बसवलेला असतो. मग पाण्याचे जास्तीचे पैसे कशासाठी, हा प्रश्न उरतो. शिवाय प्रत्येक वेळी पाणी ओतून, भांडे धुऊन, पूर्ण सुकवावे लागते. जुलैत ते सुकणार कसे? केस आणि ओल एकत्र राहिली की दुसऱ्या दिवशी वास येतो.

मुलाचा रोबो वाईट नाही, पण तो दुसरे यंत्र म्हणून चांगला आहे, पहिले म्हणून नाही. रोज ठरलेल्या वेळी पलंगाखाली जाऊन केस गोळा करणे तो मनापासून करतो. सोफ्यावर तो चढू शकत नाही, मोरीचा उंबरा बहुधा ओलांडू शकत नाही, आणि त्याचा लहानसा डबा लॅब्रेडॉरच्या घरात लवकर भरतो. एक धोका मुलाला आवर्जून सांगावा : घरात कोणी नसताना कुत्र्याने किंवा मांजरीने भलत्या जागी घाण केली आणि रोबो त्यावरून गेला, तर तो ती सगळ्या खोल्यांत सारवून येतो. ते वेगळे करून ओळखण्याचा दावा करणारी यंत्रे आहेत, ती आपल्या रकमेत बसत नाहीत.

बिनवायरचे, काठीसारखे उभे यंत्र या यादीत आपण लिहिले नाही, पण दुकानदार ते पहिले दाखवेल. वजनाला हलके, भिंतीला टांगता येणारे, मुंबईच्या घराला सोयीचे. मात्र खोक्यावर लिहिलेला चाळीस-पन्नास मिनिटांचा अवधी सर्वांत कमी वेगावरचा असतो, फिरत्या ब्रशासह पूर्ण वेगावर तो बहुतेकदा दहा-पंधरा मिनिटांवर येतो, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. बॅटरी काढता येते का आणि ती सुटी मिळते का, हे विचारूनच घ्यावे.

माझे मत असे की आपण वायरचे, जमिनीवर मागे सरकणारे कॅनिस्टर घ्यावे : पिशवीचे, सीलबंद, एच-१३ दर्जाच्या फिल्टरचे, सोफ्याच्या लहान फिरत्या ब्रशासह, आणि सहा अँपियरवर चालेल एवढ्याच वॅटचे. पंधरा हजारांत मोटरचा ब्रश जमला नाही तर हवेवरचा चालेल. फिल्टरमध्ये तडजोड करू नये. आठवड्यातून दोन-तीनदा सोफा, गाद्या, कुत्र्याचे अंथरूण आणि पलंगाखालची जागा यंत्राने करावी. रोजच्या लादीसाठी यजमानांचा मुद्दा मी निम्मा मान्य करतो : तिथे यंत्र लागत नाही, पण कोरडा झाडूही नको. किंचित ओलसर मायक्रोफायबरच्या चपट्या पोछ्याने केस उडत नाहीत, त्यालाच चिकटून येतात. लादी पुसण्याच्या पाण्यात काळे किंवा पांढरे फिनेल मात्र घालू नये. फिनॉल वर्गातील द्रव्ये मांजरींना विषारी असतात आणि मांजर आपले पाय चाटते.

यंत्रात काय ओढू नये हेही मावशींना दाखवून ठेवावे. ओली लघवी, उलटी, पाणी साध्या यंत्रात गेले तर मोटर जाते आणि विजेचा धक्का बसू शकतो. मांजरीच्या लिटरमधली बारीक मातीची भुकटी, गोचिडांची पावडर, रांगोळी, उदबत्तीची राख हे सगळे फिल्टर तासाभरात चोंदवतात. वास जावा म्हणून सोफ्यावर खायचा सोडा भुरभुरून तो ओढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तोही याच कारणाने टाळावा. पिसवा झाल्या असतील तर यंत्राचा खरोखर उपयोग होतो, कारण अंडी आणि अळ्या फटींतून निघतात. पण मग पिशवी त्याच दिवशी घट्ट बांधून घराबाहेर गेली पाहिजे. पिशवीत डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. त्यांची वाफ हवेबरोबर घरभर पसरते आणि ती मांजरीला घातक आहे.

धुता येणारा फिल्टर असेल तर सुटा दुसरा जोड घेऊन ठेवावा. कंपनी चोवीस तास सुकवा असे लिहिते. आपल्याकडे पावसाळ्यात त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि दमट फिल्टर बसवून यंत्र चालवले तर त्यावर बुरशी धरते, जी सासूबाईंना कोंड्याहून बरी नाही. एच-१३ फिल्टर बहुधा धुण्याचा नसतो. तो पाण्याखाली धरला की दिसायला स्वच्छ होतो आणि कामातून जातो.

राहिली मांजर. माणसाला सुमारे वीस किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजरीला त्याच्या तिप्पट उंच स्वरांचे. त्यामुळे मोटरची जी शीळ आपल्याला कळतही नाही, ती तिला टोचते. यंत्र आणल्यावर पहिले काही दिवस ते बंद अवस्थेत हॉलमध्येच राहू द्यावे, तिने ते हुंगावे, त्याच्याजवळ तिला खाऊ द्यावा. मग ते दुसऱ्या खोलीत, दार लावून, थोडा वेळ चालवावे आणि हळूहळू तो वेळ वाढवावा. तिला चढून बसता येईल असे कपाटावरचे एक ठिकाण मोकळे ठेवावे आणि यंत्र घेऊन तिच्या मागे कधीही जाऊ नये, गंमत म्हणूनही नाही. अंगावरचे केस यंत्राने ओढण्याचा प्रयत्न दोघांवरही करू नये. त्यासाठी गॅलरीत बसून रबरी दातांचा हातमोजा किंवा आतल्या थराचे केस विंचरणारी फणी वापरावी, म्हणजे यंत्रापर्यंत येणारे केसच कमी होतील. लॅब्रेडॉर बहुधा घाबरणार नाही, ब्रशावर भुंकेल आणि त्याच्याशी खेळायला धावेल. त्या वेळेला मुलाने त्याला खाली फिरवून आणले, तर निम्मे काम सोपे होईल. आणि ती वेळ शक्यतो दुपारी दोन ते चार नसावी. यंत्राचा आवाज सत्तर-ऐंशी डेसिबलपर्यंत जातो आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी नुकतेच आडवे झालेले असते.